नदी जमिनीला पाणी कुठे देते आणि किती देते: दुष्काळी पट्ट्यातल्या गावांसाठी मोजणी आणि दुरुस्ती

येरळा, माण, अग्रणी, सीना या नद्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उगम पावत नाहीत. पर्जन्यछायेतल्या पठारावरच त्या सुरू होतात. माणदेशात वर्षाचा पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर, तोही मोजक्या दिवसांत पडणारा. मग नदीला दोन-तीन दिवस पूर, त्यानंतर काही आठवडे बारीक धार आणि पुढे कोरडी वाळू. या नद्यांच्या दोन्ही थडींच्या विहिरी पूर किती मोठा आला यावर चालत नाहीत, धार किती दिवस टिकली यावर चालतात. तरीही गावात नदीचं काम निघालं की पहिली चर्चा पोकलेन कुठून आणायचा याचीच होते. पोकलेनच्या आधी करायची मोजणी स्वस्त आहे. दोन माणसं, एक टेप, पारदर्शक नळी आणि पत्र्याचा तुकडा एवढ्यावर ती भागते.

आधी एक गोष्ट पक्की करा: नदी देते आहे की घेते आहे

विहिरींची पाणीपातळी नदीच्या तळापेक्षा खाली असेल तर नदीचं पाणी जमिनीत उतरतं. ती वर असेल तर उलट होतं आणि जमिनीतलं पाणी उमाळ्यांवाटे नदीत येतं. एकच नदी एका गावात देते आणि दुसऱ्या गावात घेते. एकाच ठिकाणी जूनमध्ये देते आणि सप्टेंबरमध्ये घेते. जिथे ती घेते आहे तिथे पुनर्भरणाचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवण्याचा, बंधारा घालण्यात अर्थ नाही. तिथली जमीन भरलेलीच आहे.

तपासायचं असं. नदीपासून ५०० मीटरच्या आतल्या दोन्ही बाजूंच्या आठ-दहा विहिरी निवडा. प्रत्येकीच्या कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करा, कारण दर वेळी मोजायचं ते त्याच खुणेपासून. मोजणी पहाटे, मोटर निदान १२ तास बंद असताना करा. दुपारी मोटर चालू असताना घेतलेली पातळी त्या विहिरीच्या उपशाची असते, जमिनीतल्या पाण्याची नसते. ही चूक इतकी सर्रास होते की अशा नोंदींची वर्षानुवर्षं भरलेली वही अखेर बाजूला ठेवावी लागते. शेजारच्या विहिरीची मोटरही बंद हवी.

आता पातळ्या एकमेकींशी जोडा. नदीकाठचा एखादा हलणार नाही असा दगड किंवा पुलाचा ओटा घ्या आणि त्याला १०० मीटर ही मनाने ठरवलेली उंची द्या. तिथून प्रत्येक विहिरीच्या खुणेपर्यंत आणि नदीच्या तळापर्यंत गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी टप्प्याटप्प्याने न्या. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर फरक चुकतो, म्हणून दर टप्प्याला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे ना ते बघा. डम्पी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, मिळाली तर अर्ध्या दिवसात काम उरकतं. समजा तळ ९८.० आला आणि १५० मीटरवरच्या विहिरीत पाणी ९४.५ वर आहे, तर तिथे नदी देते. पाणी ९९.२ वर असेल तर नदी घेते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. तेच महिने धरा, म्हणजे तालुक्याच्या आकड्यांशी तुलना करता येते. ऑगस्टची एक मोजणी जास्तीची घ्या. देणारी नदी घेणारी कधी होते ते त्यातूनच कळतं.

पात्रातून पायी फिरा

योग्य काळ नोव्हेंबर-डिसेंबर. धार बारीक असते आणि कुठे काय होतं ते डोळ्याला दिसतं. धार अचानक कमी होते किंवा वाळूत नाहीशी होते ती जागा, पुन्हा वर येते ती जागा, उमाळ्याच्या जागा, पात्रात उघडे पडलेले खडक हे सगळं गावनकाशाच्या प्रतीवर लिहा.

खडक ओळखता आला पाहिजे. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग काळ्या पाषाणाचा आहे, पण तो एकसारखा नाही. वरचा कुजलेला मुरूम आणि त्याखालचा भेगाळ पाषाण पाणी घेतो. सच्छिद्र मांजऱ्या खडक त्यातली भोकं आणि भेगा मोकळ्या असतील तर घेतो, पांढऱ्या खनिजांनी बुजल्या असतील तर घेत नाही. अखंड काळा पाषाण जवळपास काहीच घेत नाही. दोन थरांच्या मध्ये येणारा तांबडा गेरूचा पट्टा पाणी खाली जाऊ देत नाही, त्याच्या माथ्यावरून ते आडवं सरकतं. हे सगळं पाहायला नवीन विंधन नको. मे महिन्यात रिकाम्या झालेल्या विहिरीत डोकावलं की थर मोजता येतात. किती पुरुष (माणसाच्या उंचीचं माप) खोलीवर झरे लागले हे विहीर खोदणाऱ्याला विचारलंत तर तो बहुधा अचूक सांगतो.

डाईक म्हणजे पाषाणात उभी घुसलेली खडकाची भिंत. ५० मीटरवरच्या दोन विहिरींच्या पातळीत तीन-चार मीटरचा फरक सतत राहत असेल तर मध्ये डाईक असल्याचा संशय घ्या. तिच्या वरच्या अंगाला पाणी अडून राहतं. अशी जागा सापडली तर ती सोन्यासारखी, फक्त तिच्या कुठल्या बाजूला कोणाच्या विहिरी आहेत ते आधी पाहा. नाहीतर बंधारा एका आळीचा आणि पाणी दुसऱ्या आळीला, अशी भांडणं पुढे मिटत नाहीत.

धार मोजणं

देणारा पट्टा सापडला की त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकाच दिवशी धार मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे जमिनीत गेलेलं पाणी.

बारीक धारेसाठी ९० अंशाची खाच सगळ्यात चांगली. फळीला पत्रा ठोकून त्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी काटकोनी खाच कापा. फळी धारेला आडवी, अगदी उभी आणि ओळंब्यात बसवा. खालून आणि बाजूंनी प्लास्टिक व चिकणमातीने बंद करा. खाचेतून पडणारं पाणी खाली मोकळं पडलं पाहिजे. खालच्या बाजूचं पाणी खाचेच्या टोकापेक्षा निदान ५ सेंटिमीटर खाली हवं. फळीच्या मागे एक मीटरवर एक खुंटी ठोका, तिचा माथा खाचेच्या टोकाच्या पातळीत आणा. मागचं तळं भरून पातळी स्थिरावली की खुंटीच्या माथ्यावर पाणी किती आहे ते पट्टीने मोजा. खाचेवरच मोजू नका, तिथे पाणी वाकून खाली उतरलेलं असतं आणि आकडा कमी येतो.

५ सेंटिमीटर पाणी असेल तर सेकंदाला सुमारे ०.८ लिटर, १० सेंटिमीटरला ४.४, १५ ला १२, २० ला २५ आणि २५ ला ४३ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं, म्हणून अर्ध्या सेंटिमीटरचीही हयगय नको.

धार याहून मोठी असेल तर तरंगता पदार्थ वापरा. पात्राचा १० मीटरचा सरळ भाग निवडा, दर ५० सेंटिमीटरला खोली मोजून आडव्या छेदाचं क्षेत्रफळ काढा. अर्धी भरलेली छोटी बाटली किती सेकंदात १० मीटर जाते ते पाच वेळा पाहून सरासरी घ्या. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा वेगाने धावतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. ही पद्धत ढोबळ आहे. दोन टोकांतला फरक १०-१५ टक्के असेल तर तिच्यावर विसंबू नका.

उदाहरण घ्या. वरच्या टोकाला २० सेंटिमीटर, एक किलोमीटर खाली १५ सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाला १३ लिटरच्या आसपास गायब, दिवसाला सुमारे ११०० घनमीटर, पाटबंधाऱ्याच्या भाषेत १.१ टीसीएम (हजार घनमीटर). नोव्हेंबरात तीन मीटर रुंद धारेतून एका किलोमीटरवर बाष्पीभवनाने जेमतेम १५ घनमीटर जातं, ते सोडून द्या. सोडून देऊ नये असं एकच: मधल्या भागात नदीत टाकलेल्या मोटरी. पाच एचपीची मोटर २० मीटर उचलत असेल तर सेकंदाला साधारण ८ लिटर ओढते. दोन मोटरी चालू असतील तर तुम्ही पुनर्भरण मोजत नसून ऊस मोजताय.

दुसरी फसगत वाळूची. पात्रात मीटर-दीड मीटर वाळू असेल तर बरंच पाणी वाळूच्या आतून वाहतं. वर धार आटली म्हणजे ते जमिनीत मुरलं असं नाही, कदाचित ३०० मीटर खाली खडक वर आला की पुन्हा बाहेर येईल. म्हणून दोन्ही मोजण्या शक्यतो खडक उघडा आहे तिथेच घ्या.

माण आणि अग्रणीच्या खोऱ्यात उपसा योजनांचं पाणी काही वेळा कोरड्या पात्रात सोडतात. मोजणीसाठी ही चालून आलेली संधी. पाणी सोडल्याच्या पहिल्या दिवशीची घट धरू नका, कारण तेव्हा वाळूच भरत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोजा.

जमिनीत जागा किती

हे गणित बहुतेक गावं करत नाहीत आणि सगळा गोंधळ इथेच होतो. कुजलेल्या किंवा भेगाळ पाषाणात पाणी साठायला खडकाच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के जागा धरतात. गाळाच्या प्रदेशात बारीक पोयटा असेल तर १० टक्के आणि वाळू असेल तर १६ टक्क्यांपर्यंत.

एक किलोमीटर लांब पट्टा, दोन्ही बाजूंना ५००-५०० मीटर आणि पाणी चढायला चार मीटर जागा, असं धरलं तर पाषाणात ८०,००० घनमीटर मावतात. म्हणजे ८० टीसीएम. वरच्या उदाहरणातली धार दिवसाला १.१ टीसीएम देते, म्हणजे एवढी जागा भरायला ७० हून जास्त दिवस लागतील. पावसाचं थेट मुरणारं पाणी त्यातली काही जागा आधीच भरतं, पण अंदाज यायला एवढं पुरे. पूर कितीही मोठा येवो, तळ आपल्याच गतीने पाणी घेतो. धार ३० दिवसांवरून ६० दिवसांवर नेणं हेच खरं काम. दुसरी बाजूही लक्षात ठेवा: ८० टीसीएम भरलं की पुढचं पाणी त्याच पट्ट्यात मावत नाही, कितीही खोल खणा.

सातपुड्याच्या पायथ्याला यावल, रावेर, चोपडा भागात चित्र वेगळं आहे. तिथे डोंगरातून उतरलेल्या नद्या दगडगोट्यांच्या जाड थरावरून जातात आणि तापीपर्यंत पोहोचण्याआधी बरंच पाणी जिरवतात. केळीच्या उपशाने तिथली पातळी खूप खाली गेली आहे, त्यामुळे जागा मोप आहे आणि मोठ्या पुराचं पाणीही पसरवून उपयोगी लावता येतं. तिथले प्रयोग पाहून आलेल्या मंडळींनी तेच जसंच्या तसं आटपाडीत करायला जाऊ नये. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीतलं पाणीच खारं आहे, तिथे हा लेख लागू नाही.

गाळ काढा, वाळू नको

नदीचा तळ पाणी घेईनासा होतो तो बहुतेक वेळा वरच्या ५-१० सेंटिमीटर काळ्या गाळाच्या लेपामुळे. शंका असेल तर पिंपाची चाचणी करा. २०० लिटरच्या लोखंडी पिंपाचा ४० सेंटिमीटर उंचीचा, दोन्ही बाजूंनी उघडा कडा कापून घ्या. तो तळात १५ सेंटिमीटर ठोका, आत १५ सेंटिमीटर पाणी भरा आणि दर अर्ध्या तासाला पातळी किती उतरली ते लिहा. पहिले दोन-तीन तास आकडा फुगलेला येतो. सलग तीन वाचनं सारखी आली की तोच खरा दर. मग तिथेच शेजारी वरचा १० सेंटिमीटर थर खरवडून पुन्हा तसंच करा. चिकण गाळ तासाला १ ते ५ मिलिमीटर घेतो, स्वच्छ वाळू ३० च्या वर. दुसऱ्या चाचणीत आकडा आठ-दहा पट आला तर गाळ काढणं फायद्याचं. दोन्ही सारखे आले तर अडचण खाली खडकात आहे, वरवर खरवडून पैसे जातील. कड्याच्या बाजूंनीही पाणी सरकतं, त्यामुळे हे आकडे तुलनेपुरतेच वापरा, त्यांवरून टीसीएम काढू नका.

गाळ मे महिन्यात, पूर्ण वाळून भेगाळल्यावर काढा. ओला असताना यंत्र घातलं तर चाकाखाली दबून तो आणखी घट्ट बसतो. नांगरून मोकळा करायचा मोह टाळा, त्याने बारीक कण खाली वाळूत मिसळतात आणि पुढच्या वर्षी लेप जाड होतो. एक किलोमीटर लांब, १२ मीटर रुंद पात्रातून १० सेंटिमीटर काढलं तर १२०० घनमीटर, म्हणजे सव्वाचारशे ब्रास गाळ निघतो. तो टाकायची जागा आधी ठरलेली हवी. काठावर ढीग केला तर पहिल्या पुरात तो परत पात्रात येतो. हलक्या मुरमाड शेतात पसरवायला तो उत्तम.

वाळूला हात लावू नका. वाळू धार हळू करते, पाणी धरून ठेवते आणि वरचं ऊन लागू देत नाही. येरळाकाठच्या बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात बेसुमार वाळूउपशाविरुद्ध लढा दिला आणि मर्यादित वाळू विकून बळीराजा धरणासाठी पैसा उभा केला. मर्यादित या शब्दावर तेव्हा जोर होता.

खोलीकरणाबद्दल स्पष्ट मत असं: मुरमाचा तळ लागला की थांबा. त्याखाली अखंड पाषाण फोडला तर हौद तयार होतो, पाझर नाही. नदी घेणाऱ्या पट्ट्यात तळ खाली नेला तर तो चर होऊन शेजारच्या विहिरींचंच पाणी ओढून खाली वाहून नेतो. ऑक्टोबरात ओढा झुळझुळ वाहतो, सत्कार होतात आणि जानेवारीत काठच्या विहिरी तळ गाठतात. काठ उभे कापले तर दोन पावसाळ्यांत ढासळतात. खोदायचंच असेल तर सलग खोदू नका, मध्ये मध्ये न खोदलेले आडवे पट्टे ठेवा.

बंधारा कुठे आणि बर्गे कधी

बंधाऱ्याचा पाया अखंड खडकावर आणि त्यामागचं पाणी भेगाळ किंवा मुरमाड तळावर पसरलेलं, अशी जागा शोधा. पायाखालून पाणी निसटून ५० मीटरवर पुन्हा ओढ्यात आलं तर त्याला पाझर म्हणत नाहीत, ती गळती. उंची कमी आणि संख्या जास्त ठेवा. ३०० ला १ असा उतार आणि १.२ मीटर अडवलेलं पाणी असेल तर फुगवटा मागे ३६० मीटर जातो, त्याच्या जवळपास अंतर ठेवून पुढचा बंधारा.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्गे, म्हणजे दारं बंद करायच्या फळ्या, जूनमध्येच घालून ठेवले तर पुराचा सगळा गाळ मागे बसतो आणि पाणी काठ फोडून बाजूने निघतं. पावसाळाभर दारं मोकळी हवीत. बर्गे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, मोठ्या पुराची शक्यता सरल्यावर पण धार चालू असतानाच घाला. मंजुरीची वाट पाहत नोव्हेंबर उजाडला तर अडवायला फारसं पाणी उरत नाही. लाकडी फळ्यांच्या दोन ओळी असतील तर मधली चिकणमाती थराथराने ठोकून भरा, लोखंडी दारांचं रबर दर वर्षी तपासा. फाटलेल्या रबरातून रात्रंदिवस गेलेलं पाणी महिन्यात अर्धा बंधारा रिकामा करतं.

बंधाऱ्यात एक मोजपट्टी रंगवून रोज सकाळी वाचा. एप्रिलात पातळी दिवसाला १२ मिलिमीटर उतरते आणि त्यातले ८ मिलिमीटर उन्हाने जातात, तर जमिनीत फक्त ४ जातात. बंधाऱ्यात मेपर्यंत पाणी टिकलं म्हणून गाव खूश असतं. ते टिकलं कारण मुरलंच नाही. पुनर्भरणासाठी बांधलेला बंधारा डिसेंबर-जानेवारीत रिकामा झाला आणि विहिरी चढल्या, तर तो उत्तम चालतो आहे.

पुनर्भरण शाफ्ट

वर जाड चिकण थर आणि खाली भेगाळ खडक असेल तरच याचा विचार करा. मुख्य धारेत नको, गाळ खाली बसलेला असतो अशा बाजूच्या कोपऱ्यात एक-दोन मीटर व्यासाचा खड्डा भेगाळ थरापर्यंत न्या. तळाला ५ ते २० सेंटिमीटरचे दगड, त्यावर ५ ते १० मिलिमीटरची खडी, सगळ्यात वर दीड-दोन मिलिमीटरची जाड धुतलेली वाळू. क्रम उलटा झाला की शाफ्ट पहिल्याच पावसात बुजतो. वरची १०-१५ सेंटिमीटर वाळू दर उन्हाळ्यात बदला. वरच्या अंगाला गावाचं सांडपाणी नदीत मिसळत असेल तर शाफ्ट करूच नका. तळाचा मातीथर जे थोडंफार गाळतो, तेही इथे गाळलं जात नाही आणि घाण थेट पिण्याच्या विहिरीत उतरते. नदीचं गढूळ पाणी पाइपने सरळ विहिरीत सोडण्यालाही हेच लागू.

विहिरीत आलेलं पाणी नदीचंच का

पातळी चढली की श्रेय घ्यायला सगळे पुढे येतात, पण चांगला पाऊस झाला तरी ती चढतेच. पडताळ्यासाठी पाण्याची विद्युतवाहकता (पाण्यात क्षार जास्त तितकी ती जास्त) मोजणारं हातातलं मीटर पुरतं. मे महिन्यात विहिरीचं वाचन ११००, नोव्हेंबरात नदीचं ४०० आणि त्याच दिवशी विहिरीचं ७०० आलं, तर विहिरीतलं ढोबळमानाने ५५-६० टक्के पाणी नवीन आहे. पावसानेही वाचन उतरतं, म्हणून नदीपासून दोन किलोमीटर दूरची एक विहीर तुलनेला ठेवा. तिथेही तितकीच घट असेल तर ते नदीचं काम नव्हे.

उपशाचा हिशेब त्याच वहीत लिहा. वर धरलेल्या पाच एचपीच्या मोटरी रोज आठ तास चालल्या तर साडेचार-पाच मोटरींत एका किलोमीटरचं दिवसाचं सगळं पुनर्भरण संपतं. काठापासून २००-३०० मीटरच्या आत नव्या विहिरी वाढल्या की नदी जास्त वेगाने पाणी देते, आकडेही सुधारलेले दिसतात आणि मागच्या विहिरींना मात्र काही पोहोचत नाही. म्हणून निवडलेल्या विहिरींत दोन तरी ४०० मीटरच्या पलीकडच्या असू द्या, आणि गाळ काढल्यावर पुढच्या नोव्हेंबरात खाचेची मोजणी त्याच दोन खडकांवर, त्याच खुंट्यांना धरून पुन्हा घ्या.